शिळे कोणाच्या ताटात?

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटला. नाशिकच्या वहिनीने रात्री उरलेल्या मुगाच्या उसळीत कणीक भिजवून पराठे केले, ते मुलांच्या डब्यात दिले आणि त्याचे छायाचित्र गटावर टाकले. तासाभरात काकांनी गीतेच्या सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक पाठवला: ‘यातयामं गतरसं पूति पर्युषितं च यत्’. शिळे अन्न तामसी असते, ते वाढत्या मुलांना देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. त्यावर भाचीने अन्न टाकून देणे हेच खरे पाप असल्याचे ठणकावून सांगितले. बारा वर्षांपासून म्युनिकमध्ये राहणाऱ्या मला दोघांचेही थोडे थोडे पटले. पण ज्या गोष्टीवर बोलायला हवे होते, ती कोणी काढलीच नाही.

काकांची भीती निराधार नाही. मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकणे आजही धोक्याचेच आहे. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही तग धरून राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यांनी एकदा उलट्या करवणारे विष तयार केले की कढई कितीही तापवली तरी ते नष्ट होत नाही. ‘चांगले परतून घेतले की चालते’ हा आपला जुना भरवसा भाताच्या बाबतीत फसवा ठरतो तो यामुळे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला असा आहे की शिजवलेला भात शक्यतो एका तासात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि २४ तासांत संपवावा. तेव्हा अन्न कालचे की आजचे, यापेक्षा जेवण आटोपल्यावर पातेले किती वाजता आत गेले, हे विचारलेले बरे. परातीत पसरून गार केलेला आणि वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला भात दुसऱ्या दिवशी खुशाल फोडणीला टाकावा. ओले खोबरे घातलेल्या भाजीबाबत मात्र मी अधिक सावध असतो.

येथे उरलेल्या अन्नाच्या जेवणाला ‘रेस्टेएसन’ म्हणतात, आणि पाहुण्यासमोरही तो शब्द उच्चारायला कोणाला संकोच वाटत नाही. आमच्या शेजारच्या आजींनी मला ‘झेमेलक्नोडेल’ शिकवले. कडक झालेल्या पावाच्या फोडी गरम दुधात भिजवायच्या, परतलेला कांदा, पार्सली आणि अंडे घालून ओल्या हातांनी गोळे वळायचे आणि हलके उकळणाऱ्या मिठाच्या पाण्यात सोडायचे. मी पहिल्यांदा उत्साहाने ताजा पाव नेला, तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला. ताजा पाव लगदा होतो, त्याचे गोळे बसत नाहीत. मला आपला कुस्करा आठवला. त्यालाही कालचीच पोळी लागते, आणि फोडणीच्या भाताला कालचाच मोकळा भात. उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी कापून अंड्याबरोबर परततात, म्हणजे शिळ्याचेही पुन्हा नवे होते.

तरी ‘जर्मनांकडून शिका’ असे मी घरी कधी म्हणत नाही. येथील सरकारी आकडेवारीनुसार २०२० मध्ये घरगुती अन्नाचा कचरा माणशी सुमारे ७८ किलो होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांसाठी अंदाज माणशी ५५ किलोंचा आहे. अर्थात यात साली आणि हाडेही धरलेली असतात. शिळे खाण्याची लाज नसलेला समाजही भरपूर टाकतो, आणि लाज असलेल्या आपल्या घरांतून तुलनेने कमी जाते.

आपल्याकडे कमी जाते, कारण ते कोणीतरी संपवत असते. लहानपणी आमच्या घरी ताज्या पोळ्या वडिलांच्या आणि आम्हा भावंडांच्या ताटात पडत. सकाळच्या पोळ्या आणि तळाशी राहिलेली आमटी घेऊन आई शेवटी बसत असे. आम्ही कोणी कधी ते ताट पाहिले नाही, असे नाही; पाहिले आणि तसेच असते असे समजलो. काकांचा श्लोक खरेच मानायचा तर तो आईच्या ताटालाही लागू व्हायला हवा होता, पण तेथे तो कोणी म्हटला नाही. म्हणून वहिनीचे पराठे मला काटकसरीपेक्षा मोठे वाटतात. तिने उरलेली उसळ एकटीने ओट्याशी उभे राहून संपवली नाही; तिचा पदार्थ केला आणि तो सगळ्यांना वाढला.

आमच्याकडे आता गुरुवारची रात्र उरलेल्यांची असते आणि तो स्वयंपाक मी करतो. वरण उरले असेल तर त्यात चिंच-गूळ घालून चकोल्या, भात असेल तर कांदा, कोथिंबीर आणि ज्वारीचे पीठ घालून थालीपीठ. उरलेल्यात काहीतरी नवे पडावे, आंबट किंवा कुरकुरीत, एवढे पथ्य मी पाळतो. नुसते गरम केलेले मुले ओळखतात आणि तोंड फिरवतात.

मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. गुरुवारी पाच ताटांत दाण्याचे कूट आणि लिंबू घातलेला कुस्करा वाढला, तेव्हा तिने सवयीने आपले ताट मागे ओढले आणि म्हणाली, “तुम्ही ताजे घ्या रे, हे मी संपवते.” ताजे काही केलेलेच नव्हते.