विहारात शिस्त, शाळेत धुडगूस

कंबोडिया सहलीचा एक अल्बम आज समोर आला आणि डोकं तडकलं. सकाळच्या फोटोंत मंडळी विहारात टोप्या काढून, पाय एका बाजूला दुमडून, हात जोडून बसलेली. दुपारी तीच मंडळी खेड्यातल्या शाळेत, भर तासाला फळ्यापुढे उभी. चॉकलेटं वाटणं चाललंय आणि एक काका एका चिमुरडीच्या डोक्यावर हात ठेवून हसताहेत.

तिथे डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात. परक्याने हात लावायचा नाही, अगदी लहान मुलांच्याही नाही. काकांच्या मनात आशीर्वादच असणार, मान्य. पण बुद्धमूर्तीकडे तळपाय करू नयेत हे गाइडला विचारून घेतलंत, तसं हेही विचारता आलं असतं.

विहारात सगळं पाळतात हो! खांदे-गुडघे झाकतात, चपला बाहेर काढतात. बायका भिक्खूंच्या हातात थेट काही देत नाहीत, पुढ्यात ठेवतात. भिक्खू मध्यान्हीनंतर जेवत नाहीत म्हणून अन्नदान सकाळीच उरकतात. मग शाळेला वेळ नसते का? तिथल्या कितीतरी प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरतात, एका मुलाच्या वाट्याला जेमतेम चार तास. त्यातला अर्धा तास तुम्ही खाल्लात. मुख्याध्यापकांना आधी विचारा, मधल्या सुट्टीत किंवा पाळी सुटल्यावर जा, आणि पोरांचे चेहरे फेसबुकवर टाकू नका.

शिक्षकच आग्रहाने बोलावतात म्हणे. बोलावत असतील.

राग येतो तो या गावांनी काय सोसलंय ते आठवलं की. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात भिक्खूंची चीवरं उतरवली, विहारांची कोठारं आणि तुरुंग केले, शाळा बंद पाडल्या, शिक्षक मारले. त्यानंतर लोकांनी दोन्ही पुन्हा उभं केलं, आणि अनेक गावांत शाळा आजही विहाराच्याच आवारात आहे. एका आवारातल्या दोन दारांशी दोन तऱ्हांनी कसं वागता येतं?

काही द्यायचंच असेल तर मुलांच्या हातात नको. वस्तू कमी पडतात, भांडणं होतात, आणि पुढच्या बसची वाट बघत पोरं रस्त्यावर थांबायला लागतात. काय हवंय ते मुख्याध्यापकांना विचारा, तिथल्याच बाजारात घ्या, त्यांच्याच हाती द्या. पाण्याचा फिल्टर देणार असाल तर तिथेच बनणारा मातीच्या कुंडीचा घ्या. त्यातून तासाला दोन-तीन लिटरच पाणी झिरपतं, चाळीस मुलांच्या वर्गाला एक पुरत नाही. धार मंदावली की कुंडी आतून ब्रशने घासायची. साबण लावायचा नाही, त्याने छिद्रं बुजतात. कुंडी तडकली तर पाणी गाळल्याशिवायच खाली उतरतं आणि वरून कुणाला कळतही नाही. म्हणून फिल्टरसोबत ब्रश आणि एक जादा कुंडी द्या, आणि घासायचं काम कुणाकडे ते निघण्याआधी ठरवून घ्या.