संत्र्याच्या सालीत चांदी नसते

“संत्र्या-केळ्याच्या साली फेकू नका. त्यांपासून घरच्या घरी चांदीचे नॅनोकण आणि ग्राफीन बनते. सगळे वनस्पतीजन्य, त्यामुळे पोटात गेले तरी अपाय नाही,” अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतो आहे. नॅनोकण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, आणि ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. त्या मजकुरात थोडे खरे आहे, म्हणून तो पटकन पटतो.

आधी चांदीचे बघू. ती सालीतून निघत नाही, सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षारातून येते. सालीच्या अर्कातली फिनॉलवर्गीय द्रव्ये, शर्करा आणि क जीवनसत्त्व चांदीच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) इलेक्ट्रॉन देतात आणि आयनांचा धातू होतो. अर्कातलेच काही रेणू कणांना चिकटतात, त्यामुळे कण फार वाढत नाहीत. द्रावण पिवळट-तपकिरी होऊ लागले की कण तयार होत आहेत असे समजायचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात सोन्या-चांदीचे कण बनवले आणि २००४ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. तिथेही धातूचे क्षार बाहेरूनच घातले होते. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागले तर काळे डाग पडतात, डोळ्यात गेले तर गंभीर इजा होते. मुलांच्या हाताशी येईल अशा ओट्यावर ते नकोच.

“वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक” हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. अर्क कशाचाही असो, धातू चांदीच. अशा प्रयोगांत नेहमी वापरतात त्या एक मिलिमोलर द्रावणात लिटरमागे सुमारे १०८ मिलिग्रॅम चांदी असते. तिच्यातली किती कणांत गेली आणि किती आयन म्हणून उरली, हे रंगावरून कळत नाही. चांदी दीर्घकाळ पोटात जात राहिली तर त्वचा निळसर-राखाडी पडते. याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच कलिलरूप चांदीची (म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या सूक्ष्म कणांची) विनाचिठ्ठी औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम केला. उरलेले द्रावण मोरीत ओतले तर पाण्यातल्या जिवांनाही ते घातक.

ग्राफीनचा कार्बन मात्र खरोखर वनस्पतीतून मिळू शकतो. पण २०११ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात गवत आणि बिस्किटांपासून ग्राफीन केले, तेव्हा तांब्याचा पातळ पत्रा, हायड्रोजन-आरगॉन वायू आणि १,०५० अंश सेल्सिअसची भट्टी लागली होती. गॅसवर करपवलेल्या सालीचा कोळसा होतो, ग्राफीन नाही.

हा मजकूर वाचून कोणी असे पाणी प्यायला लागले असेल, तर आजच थांबवायला सांगा आणि डॉक्टरांकडे गेल्यावर चांदी घेतल्याचे लपवू नका.