जपानी काष्ठमुद्रण होकुसाईबरोबर संपले काय?

जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध ‘लाटे’चे चित्र जोडून समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जपानची काष्ठमुद्रणकला, म्हणजे लाकडी ठशांनी चित्रे छापण्याची कला, होकुसाई आणि हिरोशिगे या चित्रकारांबरोबर संपली, पुढे उरला तो जुन्या चित्रांच्या प्रतिकृतींचा धंदा, आजचे चित्रकार स्वतः लाकूड कोरत नाहीत, म्हणून त्यांची मुद्राचित्रे अस्सल नाहीत, परदेशी माणसांनी केलेल्या कामाला जपानी म्हणू नये, आणि संगणकाच्या काळात हाताने छापत बसण्याला काही अर्थ नाही. कलेची मनापासून आवड असलेल्या लोकांनीही हा मजकूर खरा मानून पुढे पाठवलेला मी पाहिला आहे, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

होकुसाई १८४९ मध्ये आणि हिरोशिगे १८५८ मध्ये वारले, आणि पुढे छायाचित्रे व शिळाछपाई यांच्या रेट्यात लाकडी ठशांचा धंदा खालावला, एवढे बरोबर आहे. त्यावरून कला संपली असे ठरत नाही. १९१५ च्या सुमारास तोक्योतील प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी नव्या चित्रकारांची जुन्या पद्धतीच्या कारागिरांशी सांगड घालून ‘शिन-हांगा’, म्हणजे नवी मुद्राचित्रे, काढायला सुरुवात केली. १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्यांचे ठसे जळाले, तरी त्यांनी काम पुन्हा उभे केले. त्यांच्यासाठी शेकडो निसर्गदृश्ये काढणारे कावासे हासुई १९५७ पर्यंत हयात होते. चित्रकार योशिदा हिरोशी तर १९३०-३१ मध्ये भारतात फिरून गेले आणि त्या प्रवासावरील त्यांच्या काष्ठमुद्रांत ताजमहालाबरोबर अजिंठा आणि वेरूळही आहे. आपल्याकडची लेणी जपानी ठशांवर उमटली ती होकुसाईच्या मृत्यूनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, हे मराठी वाचकांनी तरी ध्यानात घ्यावे. याच योशिदांची नात आयोमी योशिदा आज लाकूड कोरून अख्खे दालन व्यापणाऱ्या कलामांडण्या करतात.

स्वतः न कोरलेले चित्र अस्सल नाही, हे विधान सर्वांत पटण्यासारखे वाटते आणि तेच सर्वांत जास्त दिशाभूल करते. ही कसोटी लावली, तर सर्वांत आधी होकुसाईची ‘लाट’च बाद होईल. एदो काळात (१६०३ ते १८६८) चित्रकार रेखाटन करी, होरिशी ते कोरी, सुरिशी छापी, आणि भांडवल, निवड व विक्री यांची जबाबदारी हानमोतो, म्हणजे प्रकाशक, घेई. पातळ कागदावरचे रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून त्या कागदासकट लाकूड कोरले जाई, त्यामुळे रेखाटन त्या कामातच नष्ट होई. ज्याची नक्कल झाली असे म्हणता येईल असे मूळ चित्र मागे उरतच नसे. छापलेला कागद हेच मूळ. छापणाऱ्याचे कामही यांत्रिक नसते. आकाशातली निळाई खाली येता येता विरत जाते, ती छटा ठशात कोरलेली नसते. ओलसर फळीवर ब्रशाने रंग पसरून सुरिशी ती प्रत्येक कागदासाठी नव्याने साधतो. चित्रकारानेच काढावे, कोरावे आणि छापावे हा आग्रह जपानमध्ये रुजला तो यामामोतो कानाए यांच्या १९०४ मधील ‘मच्छीमार’ या चित्रापासून. त्यातून ‘सोसाकु-हांगा’, म्हणजे सर्जनशील मुद्राचित्रांची, चळवळ उभी राहिली, आणि स्वतः कोरणाऱ्या मुनाकाता शिको यांना १९५६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रणाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ही वाट मला अत्यंत मोलाची वाटते. पण विसाव्या शतकातल्या या आग्रहाच्या जोरावर त्याहून जुन्या सहकार्याच्या पद्धतीला खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. आजच्या काळातील चित्रकार कुसामा यायोई यांनी रंगवलेल्या फुजी पर्वतावरून तोक्योच्या आदाची मुद्राचित्र संस्थेत ठसे तयार झाले, तेव्हा कोरणाऱ्याने १४ हजारांहून अधिक ठिपके कोरले. हाताने काढलेला कोणताही ठिपका शेजारच्यासारखा नसतो, आणि तो वेगळेपणा लाकडात उतरवणे हे होरिशीचे काम होकुसाईच्या काळापासून बदललेले नाही.

प्रतिकृती निघतात, हे खरेच आहे. आदाची संस्था होकुसाई आणि हिरोशिगे यांची चित्रेही नव्याने कोरून छापते. पण गायकाने जुन्या बंदिशी घोटाव्यात, तसा शिकाऊ कारागिराचा हात याच कामावर तयार होतो, आणि मग तोच हात आजच्या चित्रकाराच्या कामी येतो.

परदेशी माणसांविषयीचे विधान इतिहासापुढे टिकत नाही. ‘लाटे’तला गडद निळा रंग युरोपात शोधला गेलेला होता. वातानाबे यांनी शिन-हांगासाठी सुरुवातीलाच, १९१५ मध्ये, ज्यांच्याकडून चित्रे घेतली ते फ्रिट्झ कापेलारी ऑस्ट्रियाचे होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि कॅनडात वाढलेले डेव्हिड बुल १९८६ पासून जपानमध्ये राहतात. अठराव्या शतकातील चित्रकार कात्सुकावा शुन्शोच्या शंभर कवींच्या चित्रमालेतील एकेक चित्र पुन्हा कोरून छापण्यात त्यांनी १९८९ ते १९९८ अशी दहा वर्षे घालवली, पुढे अमेरिकी चित्रकार जेड हेन्री यांची नवी चित्रे लाकडावर उतरवली, आणि आता तोक्योच्या आसाकुसा भागातील त्यांच्या कार्यशाळेत तरुण छापणारे तयार होत आहेत. २०११ मध्ये क्योतो आणि आवाजी येथे सुरू झालेली जपानी काष्ठमुद्रणाची आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये हवाईत भरली आणि २०२४ मध्ये कागदासाठी प्रसिद्ध असलेल्या एचिझेनमध्ये.

राहिला संगणकाचा मुद्दा. १९७८ मध्ये जन्मलेले युआसा कात्सुतोशी स्वतः काढलेली छायाचित्रे संगणकावर घेतात आणि मग ती लाकडावर हाताने कोरून पाण्यातल्या रंगांनी छापतात, म्हणजे ही दोन साधने एकमेकांची वैरी नाहीत. पाण्यात कालवलेला रंग तांदळाच्या किंचित खळीसह फळीवर पसरतात, त्यावर दमट कागद ठेवतात आणि ‘बारेन’ या चपट्या गोल साधनाने तो मागून घासतात. रंग कागदाच्या तंतूंत शिरतो, पृष्ठभागावर थर होऊन बसत नाही. प्रिंटरमध्ये कागद असा हाताने घासला जात नाही.

कला मेली असे ठरवून टाकल्यामुळे तिची खरी अडचण कोणाच्या नजरेसच येत नाही. चांगल्या बारेनच्या आत बांबूच्या कोंबावरील आवरणाच्या तंतूंना पीळ घालून वळलेली दोरी गुंडाळलेली असते आणि ती वळणारे हात फार थोडे आहेत. मुद्रणाला लायक अशी चेरीची रुंद फळी सहजी मिळत नाही. एचिझेनमध्ये इवानो इचिबेई यांच्या घराण्यात कोझो या तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून जो होशो कागद बनतो, तो कोरडा पडू न देता त्यावर एकामागून एक रंग अचूक बसवता येतात, आणि तसा कागद बनवणारी घरेही मोजकीच उरली आहेत. या कारागिरांचे काम चालते ते नव्या मागणीवर, आणि ही मागणी आज कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या जपानी व परदेशी चित्रकारांकडून आणि त्यांच्या कार्यशाळांकडून येते.