वेठीस कोणी कोणाला धरलं?

लेखात एसटीच्या २०२१-२२ च्या संपाबद्दल ‘कर्मचाऱ्यांनी ऐन दिवाळीत प्रवाशांना वेठीस धरलं’ असं लिहिलंय. हाल झाले हे खरंच. आमच्या गावाला एसटीशिवाय दुसरी गाडी नाही, पोरांनी शाळेसाठी वडापच्या, म्हणजे खासगी जीपच्या, टपाला लटकून प्रवास केला. तरी मी तेव्हाही संपाच्या बाजूने होतो, आजही आहे.

मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर कसे राहतात ते लेखकाने एकदा बघावं. रात्री गाडीतच सीटवर पथारी, डास, सकाळी तोंड धुवायला कुणाच्या तरी दारातला हंडा, आणि पहाटेची पहिली फेरी वेळेवर. एवढं करून पगार लांबलेला. संपाच्या काळात किती जणांनी आत्महत्या केल्या, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

तोटा तोटा म्हणता, पण तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर सरकार घेतं, तोट्यातल्या आडगावच्या फेऱ्या सरकारी धोरण म्हणून चालवायच्या, आणि हिशेब मात्र कंडक्टरच्या माथी! नोव्हेंबरमध्ये मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली, ती लोक रस्त्यावर बसले म्हणूनच.

एसटीचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण व्हावं ही संपाची मुख्य मागणी होती, ते मिळालं नाही, एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर लोक कामावर परतले. संघटनांचं म्हणाल तर त्यांचंही चुकलं. जुन्या संघटनांवरचा विश्वास उडाला म्हणून लोक नव्या नेत्यांमागे गेले, आणि त्यातल्या काहींनी आपलं राजकारण साधून घेतलं. पण म्हणून संघटनाच नको? मग साहेबांपुढे एकटा कंडक्टर काय बोलणार?