क्रोम काढून टाकल्याने व्हायरस जात नाही

नागपुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वस्तीचा ग्रुप, शाळेच्या जुन्या बॅचचा, नातेवाइकांचा, सगळीकडे तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने इशारा दिलाय, क्रोम ताबडतोब काढून टाका. सगळे व्हायरस क्रोममधूनच येतात. त्याऐवजी दुसरा कुठलाही, शक्यतो हलका ब्राउझर टाका. अपडेट बंद ठेवा, त्यातून हेरगिरी होते. बँकेचं काम इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत करा. आणि पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट बिनधास्त वापरा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आपल्या माणसांच्या काळजीपोटीच ते पाठवतात. पण हे सल्ले पाळणारा माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात येतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी सरकारी इशारा. इशारे खरोखर निघतात. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून हे काम करते. ब्राउझरमध्ये, विंडोजमध्ये किंवा अँड्रॉइडमध्ये गंभीर दोष सापडला की ती सूचना काढते. क्रोमबद्दल अशा सूचना वरचेवर येतात, तशा फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरबद्दलही येतात. अमुक आवृत्तीच्या आधीच्या आवृत्त्यांत दोष आहे, नवीन अपडेट लावून घ्या, असा त्यांचा मजकूर असतो. बातमीच्या मथळ्यात त्यातलं ‘क्रोम वापरणाऱ्यांनो सावधान’ एवढंच उरतं आणि ग्रुपवर पोचेपर्यंत त्याचं ‘क्रोम काढा’ होतं. म्हणजे ज्या सूचनेचा हवाला देऊन अपडेट बंद करायला सांगताहेत, ती सूचनाच अपडेट करा हे सांगण्यासाठी काढलेली असते.

आता ‘दुसरा ब्राउझर टाका’. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर, हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत आणि क्रोमचाही पाया तोच आहे. पायात तडा गेला की सगळ्यांनाच दुरुस्ती करावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये तर त्याहून वाईट झालं. वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या एका लायब्ररीत, म्हणजे अनेक ब्राउझर वापरतात अशा तयार कोडमध्ये, दोष सापडला. मुद्दाम बिघडवून बनवलेलं चित्र पानावर आलं तरी हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळू शकत होती. ती लायब्ररी वेगळ्या पायावरच्या फायरफॉक्समध्येही होती. क्रोमची दुरुस्ती ११ सप्टेंबरला आली, फायरफॉक्सची दुसऱ्या दिवशी. त्या आठवड्यात ब्राउझर कोणता वापरता याने काही फरक पडत नव्हता, आलेलं अपडेट लावलं का यानेच पडत होता.

‘हलका’ ब्राउझर तर आणखी जपून. एकेकाळी स्वस्त फोनवर यूसी ब्राउझर सर्रास असायचा, नेट कमी खातो म्हणून. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवून दिलं, की तो वापरणाऱ्याची ओळख पटवणारी माहिती नीट न झाकता बाहेर पाठवत होता. २९ जून २०२० ला भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत तोही होता. दुरुस्ती वेळेवर देणारा कोण आहे हे न पाहता नाव कधी न ऐकलेला ब्राउझर टाकणं म्हणजे आपले सगळे पासवर्ड अनोळखी माणसाच्या हातात देणं आहे.

ब्राउझर निवडण्याला अर्थच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. माझ्या घरी फायरफॉक्स आहे आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर आहे. हे अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही चालतं. बनावट डाउनलोडची बटणं आणि ‘तुमचा संगणक धोक्यात’वाली पानं बहुतेक वेळा जाहिरातींतूनच समोर येतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरण्याचा सल्ला दिला होता, तो याच कारणासाठी. पण एक्स्टेन्शन मोजकीच ठेवा. द ग्रेट सस्पेंडर हे वीस लाखांहून जास्त लोकांनी घेतलेलं एक्स्टेन्शन नव्या मालकाकडे गेलं आणि त्यात घातक कोड आढळल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते काढून टाकावं लागलं.

अपडेटमधून हेरगिरी होते, हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा. दुरुस्ती बाहेर आली की हल्लेखोरही ती उघडून बघतात, नेमकं काय बदललं यावरून दोष कुठे होता ते शोधतात आणि ज्यांनी अपडेट केलेलं नाही त्यांना गाठतात. ही मधली फट कमी करण्यासाठीच ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. बर्डीत, इतवारीत अनेक दुकानांत बिलिंगसाठी अजून विंडोज ७ ची जुनी मशीन चालू आहेत. त्यांवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी, २०२३ च्या सुरुवातीची. त्यानंतर सापडलेला एकही दोष तिथे बुजलेला नाही. दुकानदारभाऊंना माझी कळकळीची विनंती आहे, त्या मशीनवर बिलं काढा, पण बँक आणि मेल उघडू नका.

इनकॉग्निटोचं लवकर आटोपतो. त्यात खिडकी बंद केल्यावर हिस्ट्री आणि कुकीज पुसल्या जातात, बस. तुम्ही कुठली साइट उघडली हे नेट पुरवणाऱ्या कंपनीला कळतंच आणि डाउनलोड केलेला व्हायरस फोनवर तसाच राहतो.

कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये चाललेलं बोलणं मधल्या कुणाला वाचता येत नाही. साइट चोराची असेल, तर तुम्ही चोराशी खासगीत बोलताय. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देतात, त्यामुळे बनावट साइटवाल्यांनाही ते सहज मिळतं. लोकांचा हाच गैरसमज पाहून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. वाचायचा तो पत्ता. सरकारी साइट असेल तर सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो का, ते बघा.

मग व्हायरस येतो कुठून? महाल भागातल्या एका काकूंचा फोन मी हातात घेऊन पाहिला. सारखी टिंगटिंग, लाल त्रिकोण आणि ‘१३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा’. त्यांच्या मुलाने मेसेज वाचून क्रोम बंद करून दुसरा ब्राउझर टाकलेला. ‘क्रोम काढलं न भाऊ, मग आता कायले येते हे?’ असं तो विचारत होता. कारण साधं होतं. भजनं उतरवायच्या साइटवर नव्या ब्राउझरमध्येही नोटिफिकेशन पाठवायच्या परवानगीला ‘अलाउ’ दाबलं गेलं होतं. सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडलं, तर अर्थहीन अक्षरांच्या नावाच्या साइटींची रांगच लागलेली. त्या काढल्या आणि टिंगटिंग थांबली. फोनमध्ये व्हायरस नव्हताच, पण काकूंनी ‘साफ करा’ दाबून पुढचं ॲप घेतलं असतं तर नक्की आला असता.

खरा माल व्हॉट्सॲपवरून येतो. लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान, वीज तोडण्याची नोटीस, अशा नावाची फाइल आणि शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल. पत्रिका कधीच एपीके नसते. ती फाइल फोनवर चढवताना ब्राउझरचा संबंधच येत नाही. ‘अनोळखी ॲप’ला परवानगी तुम्ही देता आणि मग ते तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, वाचत बसतं. लॅपटॉपवर याचाच दुसरा अवतार आहे. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणणारं पान विंडोज आणि आर ही बटणं दाबायला लावतं, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या तीन पायऱ्यांत त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुमच्या हाताने चालते आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड निघून जातात. खरा कॅप्चा अशी बटणं कधीच दाबायला सांगत नाही.

असं काही चढलंच, तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली, तर ती गोठवता येते.