पासवर्ड बदला की ओ!

शहापुरात काकांकडं, खानापुरात मावशीकडं, निपाणीला मित्राकडं, सगळीकडं तेच! वायफायच्या राऊटरचं सेटिंग उघडलं की नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. जोडायला आलेला पोरगा वायर ओढून निघून जातो, हे बदलायचं असतं एवढंही सांगत नाही. काका म्हणतात, ‘आमच्यात काय आहे रे चोरण्यासारखं?’ अहो काका, चोरीचाच प्रश्न नाही! २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या व्हायरसनं असेच साठेक ठरलेले पासवर्ड टाकून बघत लाखो कॅमेरे, राऊटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडवल्या. घरमालकांना पत्ताही नाही! आणि हॅकिंगच्या बातम्या मात्र दिवसभर फॉरवर्ड करायच्या. मावशीचा पासवर्ड मी तिथंच बसून बदलला, पाच मिनिटं लागली. काका अजून ‘बघू की’ म्हणतायत.