सीएमएम, प्रोब आणि मशीनजवळचं गेज : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. एकच जॉब (यंत्रभाग) मोठ्या संख्येने काढणाऱ्या कारखान्याने आधी मशीनजवळ एअर गेज (हवेच्या झोताने छिद्राचं माप सांगणारं साधन) किंवा कम्पॅरेटर (मास्टरशी तुलना करून फरक दाखवणारं साधन) बसवावा आणि सीएमएमचा (कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन, म्हणजे जॉबवर अनेक बिंदू घेऊन मापं काढणारं यंत्र) विचार त्यानंतर करावा, असं मी लिहिलं होतं. हा सल्ला जुना झाला, असं तुम्ही म्हणता. तुमच्या मते एक चांगलं सीएमएम आणि मशीनवर प्रोब (मशीनमध्येच जॉबला स्पर्श करून मोजणारं साधन) घेतला की बाकीच्या गेजची गरजच उरत नाही. डिस्प्लेवर ०.१ मायक्रॉन दिसत असताना गेज आर अँड आर (पुन्हा मोजल्यावर किंवा माणूस बदलल्यावर तेच माप येतं का, हे तपासणारा अभ्यास) म्हणजे कागद रंगवणं आहे, आणि ऑटो ऑफसेट (मोजलेल्या मापावरून टूलची जागा आपोआप सुधारणं) आल्यावर ऑपरेटरच्या हातात गेज कशाला द्यायचं, असाही तुमचा सवाल आहे.

जिथे आपलं एकमत आहे ते आधी सांगतो. छिद्रांची एकमेकांपासूनची पोझिशन, डेटमच्या (मोजणीसाठी ठरवलेल्या आधार पृष्ठभागाच्या) संदर्भातली मापं, वक्र पृष्ठभागाचं प्रोफाइल यांना सीएमएमला तोड नाही. रोज नवा जॉब आणि बॅच वीस-पंचवीस नगांची, अशा ठिकाणी पहिली मोठी खरेदी सीएमएमचीच असावी. प्रत्येक व्यासासाठी वेगळा प्लग (एअर गेजचा छिद्रात जाणारा भाग) आणि वेगळ्या सेटिंग रिंग (गेज जुळवायच्या, माप माहीत असलेल्या कड्या) करून घेणं तिथे परवडत नाही.

पण २५ मिमी एच७ बोअर (अचूक मापाचं छिद्र; एच७ हा त्याच्या टॉलरन्सचा वर्ग) घ्या. त्याला टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) २१ मायक्रॉन. समजा मशीन दर दोन मिनिटांना एक नग देतं आणि सीएमएमच्या रांगेतून रिपोर्ट हातात यायला चाळीस मिनिटं लागतात. इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या पात्याची) धार गेली असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत आणखी वीस नग निघून गेलेले असतात. माप कितीही अचूक असो, ते निर्णयाच्या वेळी हातात नव्हतं. म्हणून उपकरण निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो : हे रीडिंग कोण बघणार, ते बघून काय बदलणार आणि तोवर किती नग पुढे जाणार? कॅटलॉगमधली अचूकता त्यानंतर बघायची.

आता तापमान. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हे १९३१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेलं आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साधारण साडेअकरा. म्हणजे ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधलं ते २५ मिमीचं बोअर ३० अंशांना जवळजवळ ६ मायक्रॉन मोठं असतं. २१ पैकी ६! हा गरम जॉब थेट वातानुकूलित खोलीतल्या सीएमएमवर ठेवला, तर मशीन ते वाढलेलं माप अगदी इमानदारीने दाखवेल. जॉब खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायला हवं, आणि जाड हाउसिंगला त्यासाठी काही तास लागू शकतात. सॉफ्टवेअरमधली तापमान-दुरुस्ती वापरायची, तर जॉबवर सेन्सर लावायला हवा आणि त्या धातूचा प्रसरणांक बरोबर भरायला हवा.

एअर गेज मुळात तुलना करतं. स्टीलची सेटिंग रिंग मशीनजवळच ठेवली, जॉब आणि रिंग एकाच तापमानाला असल्या, तर रिंगही जवळपास ३ मायक्रॉन वाढलेली असते आणि चूक निम्म्यावर येते. जॉब स्टीलचाच असेल तर ती जवळजवळ उरतच नाही. शिवाय हवेच्या झोताने कूलंट आणि बारीक कचरा बाजूला होतो, आणि ऑपरेटरचा हात किती दाबतो याने रीडिंग फारसं हलत नाही.

एअर गेजची बाजू घेतो म्हणून त्याचं वैगुण्य लपवणार नाही. तीन जॉच्या चकमध्ये पातळ भिंतीचा जॉब दाबून धरला आणि बोअर केलं, की चक सोडल्यावर बोअर किंचित तिकोनी होतं. असं बोअर समोरासमोरच्या दोन बिंदूंवर कुठेही मोजा, व्यास जवळपास सारखाच येतो. त्यामुळे दोन नोझलचा एअर प्लग आणि दोन टोकांचं बोअर गेज, दोन्ही त्याला पास करतात, आणि शाफ्ट आत जात नाही. चार बिंदू घेऊन वर्तुळ काढणारा सीएमएम प्रोग्रॅमही इथे फसतो. तीन नोझलचा प्लग, सीएमएमवर भरपूर बिंदूंचं स्कॅनिंग किंवा राउंडनेस टेस्टर लागतो. म्हणून ‘कोणतं मशीन’ याच्याइतकंच ‘कसं मोजणार’ हेही ऑर्डर देण्याआधी ठरलेलं हवं.

मशीनवरच्या प्रोबबद्दल. जॉब सेट करायला, कास्टिंगवर मटेरिअल पुरेसं आहे का बघायला, टूल तुटलं का तपासायला तो उत्तम आहे. पण ज्या स्लाइड आणि स्केलने कटिंग केलं, त्याच स्लाइड आणि स्केलने प्रोब मोजतो. अक्ष काटकोनात नसतील, तर ती चूक जॉबमध्येही जाते आणि मोजमापातही, आणि प्रोब सगळं ठीक असल्याचं सांगतो. फायनल पास-नापास ठरवायला वेगळं, स्वतंत्र साधन हवंच. निदान ठरावीक काळाने एखादा मोजून ठेवलेला मास्टर जॉब मशीनवर लावून ताळा घ्यायला हवा.

डिस्प्लेवरच्या ०.१ मायक्रॉनचं म्हणाल, तर लीस्ट काउंट (दिसू शकणारं सर्वांत लहान माप) बारीक असणं आणि तेच माप पुन्हा मोजल्यावर पुन्हा येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गेज आर अँड आर म्हणजे एवढंच : दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकाने आलटून पालटून दोन-तीन वेळा मोजायचं. एका पाळीत उरकणारं काम आहे. मोजण्यातलाच फैलाव टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा, ३० टक्क्यांच्या वर गेला तर त्या गेजवर कुठलाही निर्णय सोपवू नका. सीएमएमवर माणसामाणसांतला फरक कमी होतो हे खरं. पण फिक्स्चर, क्लॅम्पिंग आणि पुसण्याची पद्धत तिथेही असते, त्यामुळे प्रत्येक वेळी जॉब काढून पुन्हा लावूनच हा अभ्यास करावा.

ऑटो ऑफसेटवर मात्र मी तुम्हाला कळकळीने सावध करतो. ग्राइंडिंग व्हील झिजतं तसं माप एका दिशेने सरकत असेल, तर आपोआप दुरुस्ती वरदान आहे. सिलिंड्रिकल ग्राइंडरवरचं इन-प्रोसेस गेज साइज येताच फीड थांबवतं, ते मला मनापासून आवडतं. पण प्रोसेस स्थिर असेल आणि मापं नुसती इकडेतिकडे होत असतील, तर प्रत्येक नगाच्या पूर्ण चुकीइतका ऑफसेट बदलल्याने मापांचा फैलाव वाढतो. गणिताने प्रमाणित विचलन सुमारे १.४ पट होतं. तेव्हा चार-पाच नगांची सरासरी, ठरावीक पट्ट्याच्या बाहेर गेल्यावरच दुरुस्ती, आणि तीही अंशतः, एवढ्या सोयी त्या सिस्टिममध्ये आहेत का ते विक्रेत्याला विचारा. कुठली हालचाल नैसर्गिक आणि कुठली कारणाने झालेली, हे वेगळं करण्यासाठीच अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट (मापं ओळीने मांडून मर्यादारेषांशी ताडणारा आलेख) मांडला होता, आणि ऑफसेटला हात लावण्याआधी तो आजही बघावा.

तुमचं बजेट मंजूर असेल आणि सीएमएमच घ्यायचं ठरलं असेल, तर डेमोला विक्रेत्याच्या मास्टरवर समाधान मानू नका. तुमचे स्वतःचे त्रासदायक दहा जॉब घेऊन जा, त्यात पातळ भिंतीचे असू द्या, तुमचेच दोन-तीन ऑपरेटर सोबत न्या आणि वर सांगितलेला अभ्यास तिथेच करून मागा. आकडे टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत आले आणि रिपोर्ट तुमच्या लाईनच्या वेगात मिळाला, तर जरूर घ्या. न मिळाल्यास आधी त्या बोअरसाठी तीन नोझलचा प्लग आणि दोन सेटिंग रिंगची ऑर्डर द्या.